सरळ रेषेतले गाव

ब्राझील देशाच्या मातो ग्रोसो प्रांतात बोरोरो नावाची वनवासी जमात राहते. क्लोद लेव्ही-स्ट्रॉस हा फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ १९३६ साली तिच्या केजारा या गावी जाऊन राहिला. गावाची रचना वर्तुळाकार होती. मधोमध पुरुषांचे सामायिक घर आणि त्याभोवती चाकाच्या धावेप्रमाणे मांडलेल्या झोपड्या. डोळ्यांना न दिसणारी एक रेषा या वर्तुळाचे दोन भाग करीत असे. मूल आईच्या भागात जन्मायचे, आईच्याच भागाचे म्हणून वाढायचे. लग्न मात्र पलीकडच्या भागातच व्हायचे आणि लग्नानंतर पुरुष मधली मोकळी जागा ओलांडून पत्नीच्या घरी राहायला जायचा. एका भागातला माणूस वारला, तर त्याचे अंत्यविधी पलीकडच्या भागाने करायचे. कोणाचे कोणाशी नाते काय, कोणी कोणाचे काय देणे लागतो, कोणत्या विधीत कोणी कुठे उभे राहायचे, हे सारे त्या वर्तुळात जणू जमिनीवर लिहून ठेवलेले होते. बोरोरोंना वेगळे धर्मशास्त्र वाचण्याची गरज नव्हती. त्यांचे गाव हेच त्यांचे धर्मशास्त्र होते.

त्या भागात काम करणाऱ्या सालेशियन पंथाच्या ख्रिस्ती मिशनऱ्यांनी हे फार लवकर ओळखले. ते अडाणी नव्हते. बोरोरोंच्या चालीरीतींच्या बारीक नोंदी त्यांनीच केल्या आहेत. त्या अभ्यासातून त्यांच्या ध्यानी आले, की या लोकांचे धर्मांतर घडवायचे, तर त्यांना वर्तुळाकार गाव सोडायला लावून समांतर ओळींत बांधलेल्या घरांत वसविणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. तसे केले गेले. लेव्ही-स्ट्रॉसने ‘त्रिस्त त्रोपिक’ या १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याचा परिणाम नोंदविला आहे. ओळींत राहायला गेलेल्या बोरोरोंना दिशांचे भान राहीना, विधी कुठे उभे राहून करायचे ते कळेना, आणि त्यांचा समाज आणि त्यांची श्रद्धा यांना धरून ठेवणारा आराखडाच हातून सुटला. मिशनऱ्यांनी देव फोडले नाहीत, मंदिर पाडले नाही. त्यांनी फक्त घरे सरळ रेषेत बांधली.

धर्मांतराचा मुद्दा येथे घटकाभर बाजूस ठेवू. प्रस्तुत लेखाचा विषय ती सरळ रेषा हा आहे. कारण मिशनऱ्यांनी जे जाणूनबुजून केले, तेच जगभरातील सरकारे न जाणता, आणि पुष्कळदा अगदी सद्भावनेने, करीत आली आहेत. त्यात आपले सरकारही आहे.

जागेकडे अनेक शास्त्रे पाहतात. अभियंता मातीचा कस आणि उतार पाहतो. महसूल खात्याला सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळ पुरते. मानववंशशास्त्रज्ञ मात्र वेगळेच प्रश्न विचारतो. या घरात पाहुणा कुठे बसतो आणि सोयरा कुठे? परका माणूस कोणत्या उंबरठ्यापर्यंत येऊ शकतो? बाळंतिणीची खोली कोणती? पाणवठ्याची वाट कोणाच्या दारावरून जाते आणि ती कोणी टाळते? भावाभावांचे भांडण कोणाच्या ओट्यावर मिटते? असल्या प्रश्नांची उत्तरे छापील प्रश्नावलीतून मिळत नाहीत. त्यासाठी वर्ष-दीड वर्ष मुक्काम ठोकावा लागतो, भाषा शिकावी लागते, पावलांनी मोजून घराघराचा नकाशा काढावा लागतो, आणि तोच नकाशा घेऊन पहाटे, दुपारी, दिवेलागणीला पुन्हा फिरावे लागते. कारण दुपारी बायकांचा असलेला कट्टा संध्याकाळी पुरुषांचा झालेला असतो. ओढ्याला, टेकडीला, शेताच्या तुकड्याला लोक कोणत्या नावाने हाक मारतात आणि ते नाव का पडले, हेही विचारावे लागते. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील पश्चिमी अपाचे लोकांमध्ये राहून कीथ बासो या अभ्यासकाने हेच काम वर्षानुवर्षे केले. त्याला आढळले, की तेथे एखाद्या जागेचे नाव नुसते उच्चारले, तरी तिच्याशी जोडलेली कथा ऐकणाऱ्याला आठवते आणि आपले काय चुकले ते त्याला न सांगता कळते. त्यांचे नीतिशास्त्र डोंगरांवर आणि पाणवठ्यांवर वसले आहे.

अंतर ही गोष्टदेखील दिसते तितकी साधी नाही. दक्षिण सुदानमधील नुएर या गुराखी जमातीवरील इव्हान्स-प्रिचर्ड यांचा ग्रंथ १९४० सालचा. दोन गावे मैलांत सारखीच दूर असली, तरी ज्या गावाशी नाते आहे ते नुएर माणसाला जवळचे आणि परक्या जमातीचे गाव दूरचे वाटते, हे त्यांनी दाखवून दिले. घर या अर्थाचा नुएरांचा शब्दही बोलणारा कुठे उभा आहे त्यानुसार लहानमोठा होतो. गावात असताना त्याचा अर्थ आपली वस्ती, आणि परमुलखात आपला सारा प्रदेश. मराठी वाचकाला हे समजायला सुदानपर्यंत जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या चाळीत ‘गाववाला’ म्हणजे आपल्या तालुक्याचा, आणि परदेशातल्या विमानतळावर मराठी बोलणारा कोणीही.

हे शास्त्र वसाहतवादाच्या सावलीत वाढले, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले हिंदुस्थानातील जातींची उतरंड नाकाच्या मापावरून लावू पाहत होते. पण त्याच शास्त्रातून त्याचे उत्तरही निघाले, आणि ते देण्यात एका मराठी विदुषीचा वाटा मोठा आहे. इरावती कर्वे यांचे बर्लिनमधील शिक्षण कवट्यांच्या मोजमापाचे. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करताना त्यांनी शरीराची मापे सोडली नाहीत. पण त्यांची दृष्टी नात्यांकडे, घराकडे आणि गावाकडे वळत गेली.

१९५७ साली डेक्कन कॉलेजच्या संशोधन पत्रिकेत त्यांनी भारतीय खेड्यावर एक प्रदीर्घ निबंध लिहिला. खेडे म्हणजे काय, हा प्रश्न त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहून सोडविला आहे. देशावरचे गाव दुरून ओळखू येते. घरे एकमेकांना खेटून, मधून बोळ, आणि वस्ती संपली की लगेच शेते. कोकणातील गाव असे दिसतच नाही. वाटेच्या दोहो बाजूंना आपापल्या आवारात, माडापोफळींत घरे, आणि एक गाव कुठे संपून दुसरे कुठे सुरू झाले ते परक्याला सांगता येऊ नये. सातपुड्यातील भिल्लांच्या मुलखात तर घरे शेताशेतांतून विखुरलेली. तिघांनाही सरकारदरबारी शब्द एकच, गाव. परंतु ज्याला देशावरच्या गावाची सवय आहे त्याने सातपुड्यासाठी वसाहत आखली, तर तो भिल्लाला शेजार देईल आणि त्याचे शेत त्याच्यापासून तोडील. भटक्यांची गोष्ट आणखी निराळी. पुण्यात दीर्घकाळ राहिलेले जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर धनगरांमागून माळरानांवर हिंडले. धनगरांच्या बोलीत मेंढरांसह पडलेल्या मुक्कामालाच वाडा म्हणतात. पेशवाईतला सरदार आणि रानातला धनगर एकच शब्द वापरतात. एकाचा वाडा पिढ्यानुपिढ्या हलत नाही, दुसऱ्याचा पाणी आणि चारा पाहून हलतो, आणि वस्तीची जाण दोघांनाही सारखीच पक्की असते.

आता लातूरकडे वळू.

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून गावे निजली होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. अधिकृत आकड्यांनुसार जवळपास आठ हजार माणसे दगावली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाचा मातीचा भार, अशी तेथील घरे. ज्या भिंती उन्हाळ्यात गारवा देत, त्याच अंगावर आल्या. त्यानंतर मदतीचा जो ओघ लागला, तो महाराष्ट्राने पूर्वी पाहिला नव्हता. सरकार, जागतिक बँक, देशभरातील स्वयंसेवी संस्था, उद्योगसमूह, सारे धावले. ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. या कामात कोणाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दगडी घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही, असे लोक स्वतःच म्हणत होते, आणि ज्याने घरची माणसे ढिगाऱ्यातून काढली त्याला परंपरेचे महत्त्व सांगणे हा निर्दयपणाच ठरला असता.

आराखडा तयार झाला तो मात्र कागदावर. घरांचे तीन आकार ठरले, २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. कोणाला कोणते, हे जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पहिले, एक ते सात हेक्टरवाल्याला दुसरे, त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला तिसरे. हिशेब चोख होता आणि सरकारी दृष्टीने न्याय्यही. पण एका आकाराची घरे एका पट्ट्यात बांधणे सोयीचे असते, म्हणून अनेक ठिकाणी ती तशीच बांधली गेली. परिणामी जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लावून राहणारे दोन चुलतभाऊ, ज्यांच्यातील एकाची जमीन वाटणीत किंवा कर्जापायी गेलेली, नव्या गावाच्या दोन टोकांना गेले. जुन्या गावात धनको आणि कूळ एका गल्लीत असत. नव्या गावात कोण किती एकरांचा धनी, हे रस्त्यावरूनच वाचता येऊ लागले. भूकंपाने जे वर्गीकरण केले नव्हते, ते आराखड्याने केले.

जुन्या घराचे भाग काय होते? दाराशी ढाळज. तेथे वाटसरू टेकायचा, गडी भाकरी खायचा, घरधनी गावाशी बोलायचा, आणि हे सारे होत असताना घरातल्या बायकांचा वावर आत चौकात निर्वेध चालू असायचा. भिंतीत धान्याचे बळद, बाजूला गोठा. नव्या घरात रस्ता, दार आणि खोली, एवढेच. ढाळज नाही म्हणून बाहेरचा माणूस एकतर रस्त्यावर उभा राहणार किंवा थेट स्वयंपाकघरासमोर येणार. बैल बांधायचा कुठे, कडबा रचायचा कुठे, शेतावरून आलेली औते ठेवायची कुठे, याचे उत्तर चौरस फुटांच्या कोष्टकात नव्हते. रस्ते रुंद झाले, घरे एकेकटी उभी राहिली, आणि जुन्या दाट गावठाणाच्या कित्येक पट जागा नव्या गावांनी व्यापली. जो बोळ भर उन्हाळ्यातही दोन्ही भिंतींच्या सावलीत असे, त्याच्या जागी तापणारा रस्ता आला. म्हातारी माणसे दुपारी एकमेकांकडे जाईनाशी झाली, तर त्यात नवल काय?

पुढे लोकांनी स्वतःच दुरुस्त्या सुरू केल्या. वास्तुवारसा आणि आपत्ती व्यवस्थापन या विषयांचे अभ्यासक रोहित जिग्यासू यांनी या गावांत फिरून काम केले आहे. त्यांच्यासारख्यांच्या निरीक्षणातून दिसते ते असे, की लोकांनी घरापुढे पत्र्याच्या पडव्या काढल्या, आवाराला भिंती घातल्या, आणि त्या भिंतींसाठी पुष्कळदा जुन्या गावचेच दगड आणले. भूकंपाच्या भीतीने दगड टाकून आलेली माणसे काही वर्षांत दगड परत घेऊन आली, कारण भिंतीवाचून त्यांना घर वाटेना. ज्याला सरकारी भाषेत अनधिकृत वाढीव बांधकाम म्हणतात, ते बहुतेक ठिकाणी विसरलेली ढाळज आणि विसरलेला गोठा आहे.

याच अनुभवाचे भयानक रूप अल्जीरियात दिसले होते. १९५४ ते १९६२ या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात फ्रेंच लष्कराने वीस लाखांहून अधिक शेतकऱ्यांना गावांतून उठवून आखीव वसाहतींत कोंडले. पिएर बुर्द्यू आणि अब्देलमालेक सायाद यांनी त्या वसाहतींचा अभ्यास करून १९६४ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. बुर्द्यूने काबाइल लोकांच्या पारंपरिक घराचेही सूक्ष्म वर्णन केले आहे. गुरांचा खालचा अंधारा भाग, माणसांचा वरचा उजेडाचा भाग, दारासमोरच्या भिंतीशी माग, आणि प्रत्येक कोपऱ्याला अर्थ. असे घर सुटल्यावर शेतकरी शेतकरी राहत नाही, तो शिधापत्रिकेवरचा नाव-क्रमांक होतो, असा त्या साऱ्या अभ्यासाचा सूर आहे. किल्लारीची तुलना लष्करी छावणीशी करणे अन्यायाचे होईल. परंतु एका ठिकाणी शत्रुत्वाने आणि दुसऱ्या ठिकाणी करुणेने आखलेली रेषा जमिनीवर सारखीच दिसावी, याचा विचार करायला हवा.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. जुने गाव एवढे अर्थपूर्ण होते, तर त्या अर्थात गावकुसाबाहेरचा महारवाडा आणि मांगवाडाही होता. कोणाची सावली कुठवर पडावी हेही त्याच रचनेने ठरविले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत भारतीय खेड्याच्या गौरवगीतांवर जे कठोर आसूड ओढले, ते हे भोगूनच. हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. बोरोरोंच्या वर्तुळाचे कौतुक करताना ज्यांना आपल्या वेशीबाहेरची वस्ती आठवत नाही, त्यांनी या विषयावर बोलू नये. मात्र मानववंशशास्त्र जुनी रचना जशीच्या तशी उचलून न्या, असे सांगत नाही. त्या रचनेत काय काय लिहिलेले आहे ते आधी वाचा, एवढेच ते सांगते. वाचल्यावर काय पुसायचे आणि काय ठेवायचे, हे समाजाने ठरवावे. न वाचता पाटी पुसली, तर शेजार पुसला जातो आणि भेद मात्र नव्या रूपात उगवतो. एकरांच्या मापाने आखलेल्या गल्ल्या हे त्याचेच उदाहरण. इरावतीबाईंनीच पंढरीच्या वारीत चालताना हे वाचले होते. ज्या प्रदेशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना त्या वाटेवर सुचली. आणि त्याच वाटेवर एका दिंडीतल्या ब्राह्मण आणि मराठा स्त्रियांच्या पंगती वेगळ्या बसतात, हेही त्यांना सलत राहिले. एकच वाट जोडते कुठे आणि तोडते कुठे, हे दोन्ही एका डोळ्याने पाहणे हीच या शास्त्राची शिस्त आहे.

कोयनेच्या वेळी तर हे काम प्रत्यक्ष झाले होते. धरणाने उठविलेल्या लोकांची पाहणी इरावतीबाई आणि जाई निंबकर यांनी केली आणि तिचा अहवाल डेक्कन कॉलेजने १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे सह्याद्रीच्या पावसाळी खोऱ्यातून उठून दुष्काळी पठारावर गेलेल्या माणसांचे काय होते, हे जाणून घेण्याचे साधन महाराष्ट्राजवळ किल्लारीच्या २४ वर्षे आधी तयार होते. ते किल्लारीच्या नकाशा काढणाऱ्यांच्या टेबलावर दिसत नाही. कोयनेचे धरणग्रस्त २०१८ सालीही जमिनीच्या हक्कासाठी कोयनानगरला ठाण मांडून बसले होते.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने प्रकल्पापूर्वी सामाजिक परिणामांचा अभ्यास आवश्यक ठरविला, हे मोठेच पाऊल. त्याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात पुनर्वसित गावाला काय काय द्यायचे त्याची यादी आहे. त्यात रस्ते, पाणी, स्मशान, गायरान आहे आणि दर पन्नास कुटुंबांमागे एक पूजास्थान आणि बसायला एक पारही आहे. कायदा करणाऱ्यांना पार आठवला, याचे समाधान वाटते. आणि तो पन्नासाच्या भागाकाराने मिळेल, याचे हसूही येते. पारावर कोण बसते, हे पिंपळ किती जुना आणि वाट कोणाची यावर ठरते. शिवाय ही तरतूद जमीन संपादनासाठी आहे. डोंगर अंगावर येऊन ज्यांचे गाव गेले, त्यांच्यासाठी असा अभ्यास करणे आजही कोणाच्या मर्जीवर सोडलेले आहे.

आणि असे प्रसंग आता विरळ राहिलेले नाहीत. २०१४ साली पुणे जिल्ह्यातील माळीण, २०२१ साली महाडजवळचे तळिये, २०२३ साली खालापूरची इर्शाळवाडी. सह्याद्रीच्या उतारावरील कितीतरी वाड्यांवर आज धोक्याचा शिक्का आहे आणि त्यांना उद्या ना परवा खाली आणावे लागणार आहे. माळीणचे महादेव कोळी आणि इर्शाळवाडीचे ठाकर यांच्या घरांत गोठा, अंगण, चूल आणि रानाकडे जाणारी पायवाट यांचे जे नाते, ते लातूरच्या वाड्याहून अगदी वेगळे. त्यांना लातूरचाही नकाशा चालणार नाही आणि उपनगरातील बैठ्या वसाहतीचाही नाही.

यासाठी लागणारा खर्च किरकोळ आहे. पुणे विद्यापीठात मानववंशशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, डेक्कन कॉलेज आहे. अशा प्रत्येक पुनर्वसनात नकाशा पक्का होण्यापूर्वी दोन प्रशिक्षित अभ्यासक, त्यांत एक स्त्री, लोकांबरोबर सहा-आठ आठवडे राहावेत. जुन्या वस्तीचा घरनिहाय आराखडा, नात्यांचा आलेख, देव आणि पाणवठे यांच्या वाटा कागदावर याव्यात. आणि तो कागद नगररचनाकाराच्या नकाशाला जोडल्याशिवाय मंजुरी मिळू नये, असा साधा शासन निर्णय पुरेल. घाई हे कारण पुढे केले जाते. परंतु इर्शाळवाडीतून वाचलेली कुटुंबे कायमची घरे मिळेपर्यंत कंटेनरच्या तात्पुरत्या घरांतच राहत होती, आणि त्यांचे जुने गाव कसे होते ते त्या दिवसांत त्यांना विचारता आले असते.